पाठीवर की चाकांवर

विमल, तू गेल्यापासून माझ्याशी कोणी भांडलेलं नाही.

तेरवी झाली. तुझा मुलगा बंगलोरला परत गेला. जाताना पाया पडला आणि म्हणाला, “मावशी, बाबांकडे बघा जरा.” अंगणातला मांडव निघाला, भाड्याच्या खुर्च्या गेल्या आणि सेक्टरमधल्या बायका आता माझ्याकडे बसायला येतात. सगळ्या हळू आवाजात बोलतात. मी काहीही म्हटलं तरी “हो ना” म्हणतात. काल मी मुद्दाम म्हटलं की यंदा ऊन काही विशेष नाही, तर भर मे महिन्यात पदराने घाम पुसत तिघींनी माना हलवल्या. तू असतीस तर माझा हात धरून मला भर दुपारी गच्चीवर नेऊन उभं केलं असतंस.

माझे यजमान गेले तेव्हाही असंच झालं होतं. त्यांच्या जागी मला इथल्या पोलाद कारखान्यात, प्लांटच्या टाइम ऑफिसात नोकरी लागली, म्हणून हे क्वार्टर राहिलं. पण माणसं मला सांभाळून बोलू लागली. ऑफिसात माझ्या चुका कोणी दाखवेना, भाजीवाली भावावरून हुज्जत घालेना. आणि एक दिवस समोरच्या ब्लॉकमधून तू आलीस. आपली तोवर नुसती तोंडओळख. माझ्या स्वयंपाकघरात शिरून तू पातेल्यावरचं झाकण उचललंस, चमच्याने वरण चाखलंस आणि म्हणालीस, “कावून वं, मीठ टाकाचं बंद केलं का तू? मेलेल्या माणसाले अळणी लागते, जित्याले नाही.” मला इतका राग आला की मी तुला सरळ चालती हो म्हटलं. तू गेली नाहीस. राग आल्यावर मला भूक लागली, आणि आपण दोघींनी ते वरण मीठ घालून संपवलं. त्यानंतर रोज संध्याकाळी तू यायचीस ती भांडायलाच. त्या भांडणांवर मी उभी राहिले, हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यावरूनही तू भांडली असतीस.

आता मुद्द्याचं. परवा भाऊजी आले होते. तुझे वामनराव. आजवर ते माझ्या दारात उभे राहूनच बोलत, तुला बोलवायला आले की “आहे का?” एवढंच. परवा आत आले, खुर्चीवर बसले, आणि पंख्याकडे बघतच बोलायला लागले.

“वहिनी,” ते म्हणाले, “डॉक्टरनं विचारलं होतं मले. या दिवसांत काही जड उचलत होत्या का म्हणून. मी नाही म्हटलं. मग घरी आल्यावर माझ्या ध्यानात आलं.”

त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली.

“तुमी रोज सोबत राहत होत्या. खरं सांगा. मी बनवलेली ते बॅग जड होती का? ते बॅग वाहून वाहून तर नाही ना गेली ते?”

मी चहा टाकते म्हणाले आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. विमल, हा प्रश्न तुला यायला हवा होता. उत्तर तू द्यायचं होतंस. त्यांना खरं सांगून टाक, हेच तर मी तुला महिनाभर सांगत होते. चहा घेऊन बाहेर आले तेव्हा ते चपला घालत होते. “राहू द्या, आज नको. पण सांगा मले कधीतरी,” म्हणाले आणि गेले.

तेव्हापासून माझ्या डोक्यात बॅगेशिवाय काही नाही.

तुझं हे बॅगेचं खूळ कुठून निघालं ते मला पक्कं आठवतं. भिलाईतला आपला मराठी माणूस नागपूरला निघाला की एकटा निघत नाही. गाडीच्या आदल्या संध्याकाळी त्याच्या दाराशी पिशव्यांची रांग लागते. कुणाच्या भाचीचा बाळंतविडा, कुणाच्या आईची औषधं, सीताबर्डीवर दुरुस्तीला द्यायचं घड्याळ, कुरड्यांचा डबा, लोणच्याची बरणी. सगळ्यांचं एकच वाक्य, “तुमी जाऊनच राहिल्या, तर एवढं घेऊन जा ना.” परतताना तीच रांग उलट्या दिशेने. मीही तुझ्या हाती कितीदा काय काय पाठवलं आहे. पण बाकीच्या बायका कधी नाही म्हणायला शिकल्या, तू शिकली नाहीस. तुझा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आला होता, ब्लाउज शिवताना शिंपी दरवेळी विचारायचा.

मग तुझ्या पुतणीच्या लग्नात ते झालं. कुणाची तरी कैरीच्या लोणच्याची बरणी तुझ्या ट्रंकेत लवंडली आणि नव्या रेशमी साडीला तेलाने न्हाऊ घातलं. घरच्या लग्नात तू जावेची साडी नेसून मिरवलीस. परत आलीस तेव्हा साडीबद्दल चकार शब्द काढला नाहीस. माझ्याकडे बसून तांदूळ निवडता निवडता एकदम म्हणालीस, “नले, मले एकदा असं कुठं तरी जाचं आहे जिथं भिलाईतल्या कोणाचाच कोणी राहत नाही.”

आपण हसलो खरं, पण ते किती कठीण होतं! ही भिलाई. इथे अख्खा देश राहायला आलेला. रामेश्वर म्हटलं, तर तुझ्या वरच्या मजल्यावर तमिळ कुटुंब. पुरी म्हटलं, तर शाळेतले ओडिया मास्तर. केरळात जावं तर दवाखान्यातल्या निम्म्या सिस्टर तिकडच्या, आणि अमृतसर म्हटलं तर सरदारजी आपल्यासाठी तूप पाठवणार, तेही पिंपातून. मुलाच्या शाळेचा जुना नकाशा जमिनीवर पसरून तू त्यावर ओणवी झाली होतीस, आणि एकेक गाव बोटाने रद्द करत होतीस. शेवटी बोट पचमढीवर थांबलं. इकडचं वेगळं राज्य होईल तेव्हा होईल, आज तरी आपल्याच मध्य प्रदेशात! इथून तिथून माणसं भिलाईत आली, पण पचमढीहून आलेलं कोणी आपल्या ओळखीत नव्हतं. मग अमरकंटक धरलं, भेडाघाट धरला, आणि आपल्या दोघींचा पंधरा दिवसांचा बेत झाला. परतीची गाडी नागपूरवरूनच येत होती. “नागपूर आलं की खिडकी लावून बसाचं,” तू म्हणालीस. “कोणी ओळखलं तर पोतं घेऊन चढते डब्यात.”

आणि त्याच दिवशी तू नियम केलास. हमाल नाही, बसच्या टपावर काही चढवायचं नाही, कोणा परक्या पुरुषाला “जरा हात लावता का” म्हणायचं नाही. प्रत्येकीची एकच बॅग. सीटखाली सरकेल किंवा मांडीवर घेता येईल एवढीच. आपलं आपल्याला उचलता येईल तेवढंच आपलं. आणि जागाच नसली की “नाही” म्हणायची गरजच पडत नाही, हे त्यातलं खरं इंगित. तुला तोंडाने जे जमत नव्हतं ते बॅगेकडून म्हणवून घ्यायचं होतं.

इथवर आपलं एकमत. पुढे जे पेटलं ते पेटलंच.

मला चाकं हवी होती. ऑफिसात बसून बसून माझी कंबर गेलेली, आणि एका साहेबांची बायको परदेशातून आलेली बॅग स्टेशनवर कशी ओढत नेत होती ते मी पाहिलं होतं. तुला पाठीवरचा पिट्टू हवा होता, शाळेतल्या एन.सी.सी.च्या पोरांसारखा.

“चाकाची बॅग म्हणजे काय वं, बकरी घेऊन निघाली का तू दोरी धरून? दुर्ग स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्या दिसल्या की तुझी बकरी खालीच बसते.”

“आणि पाठीवर पोतं बांधून साडीत चालणार तू? पदर कुठे जाईल?”

“खोचन मी पदर. धुणं धुताना खोचतच नाही का?”

दोन संध्याकाळ आपण यावर भांडलो. माझं म्हणणं, प्लॅटफॉर्म सपाट असतो. तुझं म्हणणं, जग सपाट नसते. शेवटी पॉवर हाऊस भागातल्या बाजारात त्या सिंधी दुकानदाराने भांडण मिटवलं. आपण एकमेकींना गप्प करत असतानाच त्याने माळ्यावरून एक राखाडी बॅग काढली. खाली दोन चाकं, वर आत सरकणारा दांडा. आणि पाठीमागची चेन उघडली तर आत दुमडून ठेवलेले दोन खांद्याचे पट्टे. “खींचना है तो खींचो, लादना है तो लादो,” तो म्हणाला. आपण दोघींनी एकदमच विचारलं की दुसरी आहे का. नव्हती. आठवड्याने येईल म्हणाला. माझ्यासाठीची कधी आलीच नाही.

तू ती बॅग जशी पारखलीस तशी लोक सूनही पारखत नाहीत. चेन पन्नासदा मागे-पुढे केलीस. शिलाई नखाने ओढून पाहिलीस. दुकानाच्या तीन पायऱ्या ती पाठीवर घेऊन चढलीस-उतरलीस, रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते, आणि मी दुकानात तोंड लपवून उभी. मग तुझ्या लक्षात आलं की बॅग पाठीवर घेतली की चाकांची माती साडीला लागणार. तू घरी येऊन जुन्या परकराच्या दोन टोप्या शिवल्यास, इलॅस्टिक घालून. ओढायची तेव्हा काढायच्या, लादायची तेव्हा घालायच्या. बस स्टँडवर बसच्या सीटखालची जागा आपण शिवणाच्या टेपने मोजली होती, कंडक्टर म्हणाला, “बाई, बस घ्यायची आहे का?” बॅग बरोबर मावत होती. रद्दीवाल्याच्या काट्यावर लटकवली तर इतकी हलकी की त्यानेच विचारलं, आत काही आहे का.

ती बॅग माझ्याकडे ठेवलीस, कारण ती विकत घेतल्याचं भाऊजींना सांगायचं होतं आणि धीर होत नव्हता. बेत त्यांना आधीच कळला होता. त्यांनी नाही म्हटलं नव्हतं. उलट काहीच न बोलता हथखोजच्या छोट्या कारखान्यांकडे गेले होते.

प्लांटच्या मशीन शॉपमध्ये उभी हयात गेलेला माणूस. त्यांच्या दृष्टीने बाजारात मिळतं ते सगळं तकलादू. घरातला पाट, जाळीचं दार, मुलाची सायकल, सगळं त्यांनी स्वतः केलेलं किंवा हथखोजच्या ओळखीच्या शेडमध्ये करून घेतलेलं. बायको आपल्याशिवाय निघाली आहे, तिला चाकाचीही बॅग हवी आणि पाठीवरचीही, एवढं त्यांच्या कानावर पडलं होतं. दोन आठवड्यांनी रविवारी त्यांनी ती तुझ्यासमोर आणून ठेवली. मी तिथेच होते. लोखंडी पाइपची चौकट, त्यावर जाड ताडपत्री, कातडी पट्टे, आणि खाली खरी बेअरिंगची चाकं.

“ओढून पाहा,” ते म्हणाले. तू ओढलीस. “आवाज येतो का?”

“नाही येत.”

“येणारच नाही. बेअरिंग आहे.” आणि मग, तुझ्याकडे न बघता, “कुठं अडकून पडली नाही पाहिजे. म्हणून मजबूत केली.”

ते आत गेल्यावर तू ती उचलायला गेलीस आणि उचललीच गेली नाही. आपण दोघींनी मिळून कशीबशी खाटेवर ठेवली. रिकामी होती, विमल! आत अजून एक रुमालसुद्धा नव्हता. आपण तोंडात पदर कोंबून हसलो. दुसऱ्या दिवशी रद्दीवाल्याने काट्याला लावली आणि विचारलं, “लोहे के भाव में देना है क्या?” तेव्हा मी खाली बसले हसून. तू मात्र हसली नाहीस. पदराने त्या बॅगेवरची धूळ पुसत होतीस.

“सांगून टाक त्यांना,” मी म्हणाले.

“कशी सांगू वं? दोन आठवडे माणूस ड्यूटीवरून आला की चहा न घेता हथखोजले जात होता. लग्नाले इतके वर्षं झाले, त्यायनं मले एक गजरा आणला नाही. हे आणलं.”

“म्हणून ती घेऊन पचमढी चढणार का?”

“सांगन मी. सावकाश सांगन. तू सांगजो नोको.”

आणि तिथून ते सोंग सुरू झालं. सरावासाठी रोज संध्याकाळी तू त्यांच्यादेखत त्यांची बॅग ओढत बाहेर पडायचीस. ती खरंच सुरेख चालायची, एकदा ढकलली की आपली आपण चालल्यासारखी. ते दारात उभे राहून चाकांकडे बघत असायचे. रस्ता ओलांडून तू माझ्याकडे यायचीस, ती माझ्या मागच्या व्हरांड्यात लावायचीस, आणि राखाडी बॅगेत तांदळाच्या पिशव्या भरून पाठीवर घ्यायचीस. मग आपण जुनवानीच्या बाजूला मोकळ्या रस्त्याने लांबवर जाऊन यायचो. मागच्या गल्लीतून, त्यांना दिसू नये म्हणून. येताना पुन्हा अदलाबदल. घरी जाऊन तू म्हणायचीस, “चांगली चालते.” खोटं नव्हतं ते. चालायची चांगलीच.

त्यांनी शॉपमध्ये सगळ्यांना सांगितलं होतं, ठाऊक आहे तुला? माझ्या ऑफिसात मशीन शॉपचे लोक हजेरीच्या कामाला येत, ते मला सांगत. “वामनराव म्हणत होते, मिसेस आमची बॅग घेऊन रोज दोन मैल चालते.” मी तुला ते येऊन सांगायचे, आणि पुन्हा तेच म्हणायचे, सांगून टाक, त्यांना समजेल. तू म्हणायचीस, त्यायले लागंल. मी म्हणायचे, एक दिवस लागेल, मग विसरतील. एकदा तू म्हणालीस, तुले नवऱ्याचं काय समजते, तुले सुखानं भांडाले पंधरा वर्षंबी नाही भेटले. असलं काही फक्त तूच मला म्हणू शकत होतीस. आणि मी त्यावर तुझ्याशी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तू आलीस, बॅग पाठीवर घेतलीस आणि म्हणालीस, “चाल.”

शेवटच्या दिवसांत तुला दम लागत होता. मला दिसत होतं. जुनवानीच्या वळणावर तू थांबायचीस, कमरेवर हात ठेवून, आणि उगाच कुठलं तरी झाड दाखवायचीस. मी म्हटलं, डॉक्टरला दाखव. तू म्हणालीस, परत आल्यावर. मी म्हटलं, तांदूळ कमी कर. तू एक पिशवी काढून ठेवलीस आणि म्हणालीस, आता नुसती हवा भरू का? ती पिशवी माझ्या डब्यात रिकामी केली होती. त्याच तांदळाचा भात मी गेला आठवडा खाते आहे.

मग एका सकाळी पाणी आलं म्हणून तू नळावर गेलीस आणि तिथेच बसलीस. भाऊजी पहिल्या पाळीला गेलेले. वरच्या तमिळ बाईने मला हाक मारली. मी पोचले तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस, ओळखलंस, काही तरी म्हणायला गेलीस. मी म्हटलं, बोलू नकोस. आयुष्यात पहिल्यांदा तू माझं ऐकलंस. मला त्याचा इतका राग आहे की काय सांगू.

तर परवापासून मी हाच हिशोब मांडत बसले होते. भाऊजींना काय सांगायचं? बॅग जड नव्हती म्हणावं, तर त्यांचा विश्वास बसणार नाही, स्वतःच्या हाताने केलेल्या लोखंडाचं वजन त्यांना ठाऊक आहे. जड होती पण तिला सवय झाली होती म्हणावं, तर उरलेला जन्म ते मनात तीच बॅग ओढत राहतील. खरं सांगावं, तर त्यांच्या छातीवरचा एक दगड उतरेल आणि दुसरा चढेल. त्यांच्या बॅगेने तू गेली नाहीस, कारण त्यांची बॅग तू उचललीच नाहीस. त्यांनी आयुष्यात तुला एक वस्तू मनापासून दिली, आणि तू ती माझ्या व्हरांड्यात उभी करून जात होतीस.

तू असतीस तर मी तुझ्याशी भांडून उत्तर काढलं असतं. एकटीने माझं काही ठरत नाही, हे मला या दोन दिवसांत कळलं. मी एकदा तुझ्या बाजूने बोलून पाहिलं, तुझ्या आवाजात. जमलं नाही. तू काय म्हणाली असतीस ते मला कधीच आधी ओळखता आलं नव्हतं, म्हणून तर तुझ्याशी बोलण्यात मजा होती.

आज संध्याकाळी मीच गेले. ते अंगणात बसले होते. तू सरावाला बाहेर पडायचीस, नेमकी तीच वेळ. तुझी ती लोखंडी बॅग दाराशी होती आणि तिच्याकडे पाठ करून ते बसले होते.

“भाऊजी, माझ्याकडे चला,” मी म्हणाले. “तुम्हाला काही दाखवायचं आहे.”

ते आले. मी खाटेखालून राखाडी बॅग काढून त्यांच्यासमोर ठेवली. “विमल ही घेऊन चालायची,” मी म्हणाले. “पहिल्या दिवसापासून. तुमची तिने एकदाही पाठीवर घेतली नाही. ती माझ्या व्हरांड्यात असायची. तुमची बॅग फार जड आहे, भाऊजी. आम्हाला दोघींनाही उचलत नव्हती. तुम्हाला सांगायचं तिच्या जिवावर येत होतं.”

एका दमात सांगितलं. थांबले असते तर उरलेलं निघालं नसतं.

ते खाली बसले आणि बॅग हातात घेतली. आधी दोन्ही हातांनी, मोठं वजन येणार अशा बेताने, त्यामुळे ती एकदम वर आली आणि त्यांचा तोल गेल्यासारखा झाला. मग एका हाताने. मग नुसत्या दोन बोटांनी धरून ठेवली.

“हे घेऊन चालत होती ते?”

“हो.”

“अन् यानं नाही ना...?”

“नाही हो. आत थोडे तांदूळ असायचे. यापेक्षा जास्त तर आपण बाजारातून आणतो.”

त्यांनी मान डोलावली. डोळ्यांतून पाणी येत होतं ते त्यांनी पुसलं नाही. मग, विमल, त्यांनी बॅग उलटी केली. तू शिवलेल्या परकराच्या टोप्या होत्या चाकांवर, त्या काढून शर्टाच्या खिशात ठेवल्या. चाक बोटाने फिरवलं, कान जवळ नेला, पुन्हा फिरवलं. तुझे वामनराव ते, चाक पाहिल्याशिवाय कसे राहतील?

“बुश आहे,” ते म्हणाले. “प्लास्टिकचा. बेअरिंग नाही. हे काही जास्त चालत नाही, वहिनी. पंधरा-वीस दिवस रगडलं की गेलं.”

चाक फिरायचं थांबलं, तरी त्यांचं बोट त्यावरच होतं.

“पंधराच दिवस तर जाचं होतं तिले,” ते म्हणाले. “अन् मी जन्मभर टिकणारी बनवून राहिलो होतो.”

बघ, मी म्हणत होते ना, सांगितलंस तर त्यांना समजेल. समजलं त्यांना. तुझ्यासमोर समजायला हवं होतं, एवढंच.